मोजणीवाल्याचं विवर

मालमो, स्वीडन
घटस्थापनेचा दुसरा दिवस

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. आईलाही.

हे पत्र तुम्ही ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार आणि आई स्वयंपाकघरातून "जरा जोरात" म्हणणार, हे धरूनच लिहितेय. फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुम्ही "बरं बरं, बिल वाढतंय" म्हणून ठेवून दिला. व्हॉट्सअ‍ॅपला बिल येत नाही हे पटवून द्यायचं मी आता सोडलंय. ऑफिसातली पुण्याची एक मुलगी दसऱ्याला घरी जातेय, तिच्या हाती हे देतेय. पुण्याहून ती कुरिअर करेल, म्हणजे कोजागरीच्या आत तुमच्या हातात पडेल. कोजागरीच्या आतच पडायला हवं, कारण त्या रात्री तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

गेल्या रविवारी वेन नावाच्या बेटावर गेले होते. लँडस्क्रोनाहून बोटीने अर्धा तास. धक्क्यावर भाड्याची सायकल घेतली आणि चढ चढून वर गेले, तर वर सगळं सपाट. आपलं पाचगणीचं टेबललँड समजा, फक्त कड्याखाली दरीऐवजी समुद्र. अख्खं बेट साडेसात चौरस किलोमीटरचं. वर गव्हाची कापलेली रानं आणि असा वारा, की सायकल पुढे जाते की मागे ते कळेना.

या बेटावर साडेचारशे वर्षांपूर्वी तुमच्या जातकुळीचा एक माणूस राहत होता. टायको ब्राहे. जन्माने सरदार, पण धंद्याने मोजणीवाला. तुम्ही शेतं मोजलीत, त्याने आकाश मोजलं. १५७६ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला हे बेट तोडून दिलं (तेव्हा हा मुलूख डेन्मार्कचा होता). तिथे त्याने वेधशाळेचा वाडा बांधला, नाव युरानिबोर्ग, आणि वीस वर्षं रोज रात्री ताऱ्यांची मोजणी केली. दुर्बीण नव्हती, अण्णा. दुर्बीण निघाली १६०८ च्या सुमारास आणि हा गेला १६०१ ला. सगळं नुसत्या डोळ्याने.

कसं, ते तुम्हाला लगेच कळेल म्हणून सांगते. तुमच्या पेटीत ती पितळी पट्टी आहे ना, तिरप्या रेघांची, जिला आम्ही हात लावला की तुम्ही ओरडायचात? दोन खुणांमधलं अंतर डोळ्याला विभागता येत नाही, म्हणून तिरपी रेघ मारून तिच्यावर बारीक भाग पाडायचे. संग्रहालयात त्याच्या यंत्रांची चित्रं आहेत, त्यातल्या कमानींवर हुबेहूब तसेच तिरपे ठिपके आहेत. मी काचेला नाक लावून बघत बसले. एक यंत्र तर भिंतीतच बसवलेलं, पितळेची पाव वर्तुळाची कमान, तिची त्रिज्या पुरुषभर उंचीहून जास्त. यंत्र जेवढं मोठं तेवढी खूण सुटी वाचता येते, हे त्याचं साधं गणित.

आणि वारा! प्लेन टेबलावर, म्हणजे तुमच्या त्या तिपाईवरच्या मोजणीच्या फळीवर, छत्री धरायला तुम्ही मला न्यायचात आणि वारा सुटला की मला शिव्या बसायच्या. त्यालाही वाऱ्याने छळलं. वाड्याच्या गच्चीवरची यंत्रं हलायची, म्हणून त्याने शेजारीच जमिनीत खड्डे खणून दुसरी वेधशाळा केली, यंत्रं तळघरात आणि वर फिरतं छप्पर. त्या खड्ड्यांत मला उतरता आलं. पायऱ्यापायऱ्यांची गोल विहीर वाटते.

एकच तारा तो वेगवेगळ्या यंत्रांनी मोजायचा आणि आकडे ताडून बघायचा. तुम्ही सकाळी एका कोपऱ्यातून मोजलेला गट संध्याकाळी दुसऱ्या कोपऱ्यातून मोजायचात, साखळी ओढणारे वैतागायचे, पण आण्याचा फरक निघाला तरी तुम्हाला जेवण जायचं नाही. तेच. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे तीस भाग केले, तर त्यातल्या एखाद-दुसऱ्या भागाएवढीच त्याची चूक असायची. बेटाचीही मोजणी त्याने केली, टोकांवरून कोन घेऊन, त्रिकोण पाडून.

आता त्याचं चुकलं काय, तेही सांगते. पृथ्वी फिरते हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य सगळा गोतावळा घेऊन पृथ्वीभोवती, असा त्याने मधला मार्ग काढला. पण मोजणी खरी ठेवली, म्हणून उपयोग झाला. शेवटची दोन वर्षं तो प्रागला होता, तिथे केप्लर नावाचा हुशार, गरीब मदतनीस त्याच्या हाताखाली आला. टायको गेल्यावर मंगळाचे आकडे केप्लरकडे आले. केप्लरने वर्तुळं जुळवून बघितली, सगळं बसलं, फक्त आठ कलांचा फरक राहिला. चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाएवढा. दुसरा कोणी म्हणाला असता, मोजणाऱ्याची चूक असेल, सोडा. केप्लर म्हणाला, टायकोची चूक आठ कलांची असूच शकत नाही. वर्तुळ टाकून दिलं आणि ग्रहाची वाट लंबवर्तुळाची आहे हे १६०९ साली छापलं. मोजणीवाल्यावर एवढा भरवसा! तुमच्या टिपणावर एखाद्या वकिलाने ठेवला असता तर त्या पाटलांच्या बांधाचं भांडण दोन पिढ्या चाललं नसतं.

बाकी माणसाच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि इथे त्याच जास्त विकल्या जातात. विशीत द्वंद्वयुद्धात नाकाचा तुकडा गेला, मग धातूचं नाक लावायचा. सोन्याचं, चांदीचं म्हणत, पण २०१० मध्ये प्रागला थडगं उघडलं तेव्हा हाडावरच्या खुणांवरून ते पितळेचं निघालं. पारा घालून मारलं ही वदंताही त्याच तपासणीत गेली. चिकूला सांगा, त्याने एक सांबरासारखा मोठा प्राणी पाळला होता, तो म्हणे बिअर पिऊन जिन्यावरून पडून मेला. खरं खोटं देव जाणे.

पण अण्णा, एक गोष्ट मला तिथे बोचली. बेट राजाने दिलं, पण बेटावर आधीपासून गाव होतं. वाडा उठला तो त्या शेतकऱ्यांच्या अंगावर. घरटी आठवड्यातले दोन दिवस वेठ: माती उपसा, विटा वाहा, तळी खणा. आजोबा वेठीच्या गोष्टी सांगायचे, त्या आठवल्या. वाड्यात कैदखानाही होता आणि कुळं त्यात बसवली जायची. लोकांनी राजाकडे गाऱ्हाणी नेली. नवीन राजाशी बिनसलं आणि १५९७ ला हा बेट सोडून गेला. पुढे लोकांनी वाड्याच्या विटा नेल्या. आज तिथे मातीचे बांध, पुन्हा लावलेला बागेचा एक तुकडा आणि त्याचा वर बघणारा पुतळा आहे. वाडा नाहीच. एवढा मोठा माणूस आणि वीट राहिली नाही, म्हणून आधी वाईट वाटलं. मग शेजारची रानं बघितली आणि म्हटलं, ज्यांनी वाहिल्या त्यांनीच परत नेल्या.

तुम्ही मोजणीला जाताना डबा घरून न्यायचात, कुणाच्या घरचा चहाही घ्यायचा नाहीत. तेव्हा मला तो तुसडेपणा वाटायचा.

आता कोजागरीचं काम.

१६५१ मध्ये रिचिओली नावाच्या इटालियन पाद्र्याने चंद्राचा नकाशा छापला आणि खड्ड्यांना विद्वानांची नावं दिली. तीच बरीचशी आजही चालतात. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसला त्याने 'वादळांचा महासागर' नावाच्या चंद्रावरच्या काळ्या डागात टाकलं, आणि टायकोला दिलं ते पौर्णिमेला सगळ्यांत ठळक उठणारं विवर. ८५ किलोमीटर रुंद. एक काठ कराडला धरला तर दुसरा सरळ रेषेत कागलच्याही पुढे जातो. खोली जवळजवळ पावणेपाच किलोमीटर, तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तर तिसरी कुठे काठाबाहेर डोकं काढील. मधोमध दोन किलोमीटर उंच डोंगर, त्याच्या माथ्यावर सव्वाशे मीटरच्या आसपासचा एक धोंडा. २०११ साली नासाच्या यानाने त्याचा फोटो काढलाय, उंच देवळावर ठेवलेल्या नारळासारखा दिसतो.

अकरा कोटी वर्षांपूर्वी, थोडी कमीच, तिथे एक मोठा दगड आदळला. परातीतल्या पिठात लिंबू टाकलं की पीठ चहूकडे उडतं, तसे पांढरे पट्टे उडाले. चंद्राच्या मानाने हे कालचं म्हणायचं, म्हणून पट्टे अजून काळवंडले नाहीत. दोन हजार किलोमीटरहून लांब, जिथे १९७२ ला अपोलो १७ उतरलं, तिथली दरड याच्याच उडालेल्या दगडांनी कोसळली असावी असं म्हणतात. तिथून आणलेल्या मातीवरूनच हे वय काढलंय. आणि १९६८ च्या जानेवारीत या विवराच्या काठापासून तीसएक किलोमीटरवर माणूस नसलेलं एक यान उतरलं. नाव काय असावं? सर्व्हेयर! सातवा सर्व्हेयर. मी बोटीत एकटीच हसले.

तर दूध आटलं, चारोळ्या पडल्या, की सगळ्यांनी गच्चीवर जा. चंद्र उगवताना ते विवर उजव्या अंगाला असेल. पण खरं बघायचं ते मध्यरात्री, चंद्र डोक्यावर आल्यावर. चटईवर उताणे पडा, पाय दक्षिणेकडे. आई म्हणेल, दक्षिणेकडे पाय कसले करता. तिला सांगा, पाच मिनिटंच, नंतर फिरवू. मग पायाकडच्या बाजूला चंद्राच्या काठाच्या थोडं आत बघा. मोसंबीला देठ असतं तसा पांढरा ठिपका दिसेल. आजी सशाचे कान दाखवायची तिकडे बघू नका, ते काळे डाग आहेत, हा उजळ आहे. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने आधी बघा. नाहीच जमलं तर चिकूची जत्रेतली दुर्बीण घ्या, तिने पट्टेसुद्धा दिसतील.

तुमच्याकडे बारा वाजतील तेव्हा माझ्याकडे साडेआठ. चंद्र समोरच्या इमारतीवर आलेला असेल आणि विवर खाली उजवीकडे कललेलं. मी बाल्कनीत उभी राहते. दिसलं की फोन करा, आणि यावेळी बिल बिल करून लगेच ठेवू नका.

आई, दुधात साखर कमी घाल, त्यांची शुगर बघितलीस ना. आणि अण्णा, ती पितळी पट्टी पेटीतून काढून, पुसून तिचा एक फोटो चिकूकडून पाठवा. ठिपके तिरपे आहेत की नुसत्या रेघा, एवढंच बघायचंय.

तुमची
सुमी