लिश्टेनस्टाइनला हसण्याआधी

महोदय,

युरोपातील चिमुकल्या देशांवरील आपला कालचा लेख वाचला. अँडोरा आणि सान मारिनो यांनी २०१५ पासून युरोपीय संघाशी सहयोग कराराची, म्हणजे सदस्य न होता संघाच्या बाजारात शिरण्याची, बोलणी चालवली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पूर्ण केली, हा आपल्या लेखकाला स्वाभिमानाचा लिलाव वाटतो. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच बोलण्यांतून बाहेर पडलेला मोनॅको त्याला बाणेदार वाटतो. लेखाची भाषा ओघवती आहे, त्याबद्दल अभिनंदन. सीमेपासून इतक्या अंतरावर बसून सीमेविषयी इतके ठामपणे लिहिता येते, याचा मात्र हेवा वाटला.

मोनॅकोच्या बाणेदारपणाविषयी थोडेसे. नोकऱ्या आणि घरे यांत स्वतःच्या माणसांना मिळणारे प्राधान्य त्याला सोडवेना, म्हणून बोलणी थांबली. बाकी त्याची जकात फ्रान्सशी जोडलेली, चलन युरो, आणि बंदरावर उतरणाऱ्याची शेंगेनची (आपसांतील सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची) तपासणी करतात तीही फ्रेंच माणसे. तांदळापासून मिठापर्यंत सारे शेजाऱ्याकडून आणायचे आणि चूल तेवढी वेगळी म्हणून मिरवायचे, याला बाणा म्हणायचे असेल तर म्हणावे. याउलट ज्या लिश्टेनस्टाइनची लेखकाने ‘नकाशावरचा ठिपका’ म्हणून टिंगल केली आहे, त्या अवघ्या १६० चौरस किलोमीटरच्या देशाने काय केले, हे लिहायला त्याला जागा उरली नसावी. या देशाची स्वित्झर्लंडशी १९२३ च्या करारापासून जकात एक आहे. डिसेंबर १९९२ मध्ये स्विस मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्र, म्हणजे संघाबाहेर राहूनही संघाच्या बाजारात सामील होण्याची सोय, नाकारले, तरी या ठिपक्याने स्वित्झर्लंडशी असलेला जुना करार दुरुस्त करून घेतला आणि १९९५ मध्ये तो एकटा त्या क्षेत्रात गेला. जाताना बाहेरच्यांना वास्तव्याचे परवाने मोजकेच देण्याची सवलतही त्याने पदरात पाडून घेतली. त्यातील निम्मे परवाने तर आजही सोडत काढून दिले जातात. गहाण पडलेल्यांना अशा अटी घालता येत नाहीत. (हा देश शेंगेनमध्ये आला तो १९ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे गोवामुक्तीला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. योगायोगच, पण आम्हा सीमेवरच्या लोकांच्या तो लक्षात राहतो.)

आम्ही आरोंद्याचे. किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो, आणि आजोबांनी घेतलेली आमची काजूची बाग त्या बाजूला आहे. एरवी ही सीमा कोणाच्या खिजगणतीतही नसते. २०२० च्या टाळेबंदीत ती एका रात्रीत उगवली, तीही ऐन काजूच्या हंगामात. अलीकडच्या नाक्यावरील शिपायाने माझ्याकडे सातबारा मागितला. गोव्यातल्या जमिनीला सातबारा नसतो, एक-चौदाचा उतारा असतो. तो मी दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि ‘काका, हे आपल्याकडचे कागद नव्हेत’ असे म्हणून परत दिला. खटपटी करून पास मिळवला, तर पलीकडच्या नाक्यावरील साहेबांना उतारा पटला, पण आधारकार्डावरील पत्ता पटेना. अखेर बागेत पाय ठेवला तेव्हा मिरग तोंडावर आला होता. गळून पडलेली बोंडे झाडांखाली आंबून त्यांचा दर्प गडग्यापर्यंत येत होता, आणि वळिवात भिजून काळ्या पडलेल्या बिया व्यापाऱ्याने मूठभर उचलून पाहिल्या व काही न बोलता पुन्हा पोत्यात टाकल्या.

त्याच वसंतात जर्मनीने लक्झेम्बर्गच्या हद्दीवर तपासणी सुरू केली आणि मोझेल नदीवरील काही पूल बंद केले. १४ जून १९८५ रोजी सीमा खुल्या करण्याचा करार झाला तो याच नदीतल्या बोटीवर, लक्झेम्बर्गच्या शेंगेन गावाजवळ. शेजारच्या देशांतून दोन लाखांहून अधिक माणसे ज्या देशात रोज कामाला येतात, त्याच्या दृष्टीने बंद पूल म्हणजे बंद कारखाना आणि परिचारिकांविना इस्पितळ. तरीही लक्झेम्बर्गला संघाच्या बैठकीत खुर्ची आहे. त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने जाहीर तक्रार केली आणि मेच्या मध्यास ती तपासणी उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, तेव्हाही लक्झेम्बर्गने हरकत घेतली. मोठा शेजारी बिथरला की दार लहानाच्याच तोंडावर आपटते, हे खरे. पण आत बसलेल्या लहानाला निदान विचारता तरी येते. बाहेरच्याने कोणाला विचारायचे? १९६९ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने स्पेनच्या टोकाला असलेल्या, ब्रिटनच्या ताब्यातील जिब्राल्टरची वाट बंद केली. ती पायी चालणाऱ्यांसाठी १९८२ मध्ये आणि पूर्णपणे १९८५ मध्ये उघडली. तोवर एकाच घरातली माणसे कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून ओरडून खुशाली विचारत होती. आता तेच कुंपण काढून तपासणी विमानतळावर आणि बंदरावर न्यायची, असे जून २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाचे ठरले. हे कुंपण पडणार म्हणून तिथे कोणी सार्वभौमत्वाचे सुतक पाळल्याचे माझ्या वाचनात नाही.

असल्या करारांचा आपल्याकडे अनुभव नाही, हे लेखकाचे विधान वाचून तर हसू आले. १८७८ साली पोर्तुगालने ब्रिटिश हिंदुस्थानाशी करार करून गोव्याची जकात इंग्रजांच्या जकातीशी जोडली होती. त्यातून मुरगावचे बंदर आणि रेल्वे आली हे खरे, पण गोव्यातील मीठ पिकवण्यावर आणि विकण्यावर इंग्रजांचा ताबा बसला आणि मिठागरवाल्यांचे कंबरडे मोडले. बारा वर्षांच्या अंमलानंतर १८९२ मध्ये तो करार संपला, पुन्हा झाला नाही. कराराला नावे ठेवायचीच होती तर लेखकाने या कराराला ठेवावी. मिठागरवाल्याला त्यात कोणी विचारले नव्हते. सौदा लिस्बन आणि लंडन यांच्यात झाला. अँडोरा आणि सान मारिनो यांच्या वतीने आज त्यांचीच माणसे बोलणी करतात. ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, नियमांवर त्यांना मत देता येणार नाही, ही उणीव आहेच. पण अँडोराला विमानतळ नाही, फ्रान्स वा स्पेनमधून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि परतताना सिगारेटी व दारू किती घेतली म्हणून गाड्या उघडून पाहिल्या जातात. ज्याला दोन्ही वाटा दुसऱ्याच्या दारातून आहेत, त्याने त्या दाराची वेळ कागदावर लिहून घेतली तर त्याला लाचार ठरवण्याचा अधिकार मुंबईत बसून कोणाला कसा पोचतो, हे आपणच सांगावे.

जाता जाता एक. आपल्या लेखाशेजारच्या चौकटीत ‘आपल्याकडील सीमा’ म्हणून जो नकाशा छापला आहे, त्यात तेरेखोल नदी हीच तेथील राज्यसीमा दाखवून तेरेखोलचा किल्ला महाराष्ट्रात टाकला आहे. तेरेखोल गाव नदीच्या उत्तर काठावर, आमच्या बाजूला आहे, तरी ते गोव्याचे आहे. तेथून गोव्याच्या मुख्य भूमीवर जायचे तर केरीची फेरी घ्यावी लागते, नाहीतर आमच्या हद्दीतून वळसा घालावा लागतो. गेल्या वर्षीही आपण हीच चूक केली होती आणि मी पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही, याचे दुःख नाही. या वेळी दुरुस्ती छापणार असाल, तर ती कृपया निविदा आणि हरवल्या-सापडल्याच्या जाहिरातींखाली न टाकता लेखाच्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
आरोंदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग