कार्बनचे कापड गुंडाळले म्हणजे इमारत स्फोटरोधक होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या खांबांना इपॉक्सीत (घट्ट चिकटून कडक होणाऱ्या राळेत) भिजवलेले कार्बनचे किंवा काचतंतूंचे कापड गुंडाळले की इमारत स्फोटाला पुरून उरते, असा समज आहे. प्रत्यक्षात कापडापेक्षा ते कुठे आणि कसे लावले, यावर सारे ठरते.

१९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत ट्रकमधील सुमारे २,२०० किलो स्फोटकांनी ‘मरा’ (Murrah) या सरकारी इमारतीच्या एका खांबाचा चुरा केला, शेजारचे दोन खांब कातरबलाने (आडवे कापणाऱ्या बलाने) तुटले. त्यांच्यावर टेकलेली मोठी तुळई निराधार झाली आणि जवळपास निम्मी इमारत खाली आली. १६८ बळींपैकी बहुसंख्य या कोसळण्यात गेले. खांबांतल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, विरळ होत्या. आडवे तंतू गुंडाळणे म्हणजे याच रिंगा बाहेरून घालणे. त्यासाठी गिलावा काढून, गंजलेली सळई आणि पोकळ काँक्रीट दुरुस्त करून, चौकोनी खांबाचे कोपरे किमान १३ मिमी त्रिज्येत गोल करावे लागतात. धारदार कोपऱ्यावर तंतू तिथेच कापला जातो. लांबट आयताकृती खांबाला या गुंडाळीचा लाभ मुळातच कमी.

विटांच्या भिंतीचे गणित निराळे. कार्बन दीड टक्का ताणला की तुटतो, काचतंतू चार टक्क्यांपर्यंत टिकतो. म्हणून भिंतीसाठी स्वस्त काचतंतूच बरा. तो आतल्या बाजूने लावतात, पण कापडाची टोके वरच्या-खालच्या स्लॅबमध्ये अँकर केली (घट्ट जखडली) नाहीत तर विटा सुट्या उडण्याऐवजी अख्खी भिंत आत येते. ही चूक सर्वांत घातक. शिवाय दाबाची लाट काही मिलिसेकंदांत ओसरते आणि भिंत उलट बाहेर झुकते. तेव्हा ताण बाहेरच्या, कापड नसलेल्या अंगावर येतो. स्लॅबही खालून उचलला जातो, म्हणून त्याला वरच्या अंगाने कापडाच्या पट्ट्या हव्यात. तिथले काँक्रीट ओढ-चाचणीत (पृष्ठभागावर चिकटवलेली चकती ओढून पाहण्याच्या चाचणीत) १.४ मेगापास्कलपेक्षा कमी ताणाला सुटत असेल, तर पट्टी त्यासकट निघून येईल.

स्फोटानंतर आग लागतेच असे धरून चालावे. नेहमीचे इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते, तेव्हा रोजचा भार कापडाविनाही पेलता आला पाहिजे.

सार्वजनिक इमारतींच्या निविदांत नुसते ‘कार्बन रॅप, दर चौ.मी.’ लिहू नये. तंतूचा प्रकार व दिशा, कोपऱ्याची त्रिज्या, कापडाच्या जोडाची (एकावर एक येणाऱ्या भागाची) लांबी, अँकरचा तपशील आणि ओढ-चाचणीचा अहवाल या अटी घालाव्यात, आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे