मंत्रिमहोदय, आमची रिकव्हरी मशीन कुठे अडली?

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी परभणीचा एसी-फ्रीज मेकॅनिक. गेल्या मंगळवारी जुन्या एसीचा गॅस सोडताना आर-२२, म्हणजे एसीत गारवा करणारा गॅस, थेट उजव्या हातावर उडाला. हा गॅस उणे ४१ अंशाला उकळतो, म्हणून अंगावर पडला की बर्फाहून गार चटका बसतो. दोन बोटं पांढरी पडली, मग फोड आले. अजून पाना धरवत नाही. ऐन मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, माझं दुकान बंद आहे.

हे टळलं असतं. दोन वर्षांमागं १६ सप्टेंबरला, ओझोन दिनाला, आम्हा मेकॅनिकांना बोलावून स्टेजवरून शब्द दिला होता: जिल्ह्याला रिकव्हरी मशीन, म्हणजे एसीतला गॅस ओढून टाकीत भरणारं यंत्र, येईल, गॅस हवेत सोडावा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन. साहेब लोक झेंडावंदनाला गेले ते गेलेच. मी अकरा अर्ज केले; पोच दोनाची.

त्या दिवशी एका प्राध्यापकांनी सांगितलेलं मात्र डोक्यातून जात नाही. आपण इथं सोडलेला गॅस स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या वरच्या हवेत, पोचतो, तिथं त्यातला क्लोरीन सुटतो. एरवी तो इतर संयुगांत अडकून पडतो. पण दक्षिण ध्रुवावर हिवाळ्याच्या अंधारात तापमान उणे ७८ च्या खाली उतरलं की ढग धरतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो, आणि सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोन खात सुटतो. एकेक अणू हजारो रेणू फस्त करतो! त्यानं ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र १९८५ ला जगाला कळलं, १९८७ ला असे गॅस बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ पासून आहे. आर-२२ हा सीएफसी नावाच्या जुन्या गॅसपेक्षा ओझोनला बराच सौम्य, कबूल. म्हणून काय हवेत सोडत बसायचं?

गॅस सोडताना मन खातं, साहेब. पण गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि मशीन माझ्या ऐपतीबाहेरची. पाप माझ्या माथी, भाषण तुमच्याकडं.

मराठवाड्याला सगळं असंच, शब्दावर मिळतं. पाणी शब्दावर, रेल्वे शब्दावर. आमच्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं? परवा दवाखान्यात गेलो, तर बोटांना लावायचं मलमसुद्धा बाहेरून आणायला सांगितलं. घरात बायको शिवणकाम करते, त्यावर चूल चालू आहे.

२०३० पर्यंत आर-२२ बंद करायचा आहे. तोवर हे जुने एसी मोडीत निघून माझ्यासारख्यांच्याच दारात येणार. त्याआधी मशीन पाठवा. नसेल पाठवायची, तर दिलेला शब्द मागे घेतला असं लेखी कळवा.

आपला,
एक मेकॅनिक, परभणी