करंगळी

कोल्हापूर,
१२ जून

बाळ्या,

सरांच्या तेराव्याला तू आला नाहीस म्हणून धरलेला अबोला आज मीच मोडतोय. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. माझा गुडघा तसाच, शुगर गोळ्यांवर.

परवा टेम्पोतून एक पोर्ट्रेट दुरुस्तीला आलं. सोनेरी फ्रेम, उचलायला दोन माणसं. वरचा कागद काढला तर आपले चेअरमनसाहेब! मंदिल, जरीचा कोट, मोत्यांचा कंठा, काठीवर ठेवलेला हात. आणि त्या हाताची वाकडी करंगळी. गांधी मैदानावर बॉल लागून मोडलेली, माझी.

आठवतं ना? साहेब दोनदाच बसले, तेही तोंडापुरते. मग ट्रंकेतून कोट आला आणि ऐन मे महिन्यात पंधरा दिवस तो घालून मी बसलो, घामोळ्यांसकट. जर, मोती, हात सगळं तू रंगवलंस. सरांनी चेहरा केला आणि सही. तुला दीडशे रुपये मिळाले, मला मिसळ.

नातू म्हणतो, "आजोबांचा हात बघा, कसा खानदानी!" मी करंगळी खिशात घातली.

कोटावरच्या रंगाच्या खपल्या उडतायत. बिलात विलायती कॅनव्हास होता, चौकटीवर मांजरपाट. त्यावर सरस, आणि वर जवसाच्या तेलात घोटलेलं झिंक ऑक्साइड. तेलातलं झिंक वर्षं गेली की ठिसूळ होतं, हे तेव्हा आपल्याला कुठलं ठाऊक! (घोटायला मला बसवून तू चहाला सटकायचास, हे मात्र पक्कं लक्षात आहे.)

दुरुस्तीचं बघतो मी. घोर वेगळाच आहे. नातवाला माझ्या सहीनिशी कागद हवाय, 'चित्र संपूर्ण सरांच्या हातचं' म्हणून. त्यावर विमा ठरणार. काय लिहू? फ्लेमिश चित्रकार रुबेन्सनं १६१८ साली डडली कार्ल्टन या इंग्रज वकिलाला चित्रांची यादी धाडली, त्यात कुठलं आपल्या हातचं आणि कुठलं शिष्यांनी करून आपण वरून हात फिरवलेलं, हे सरळ लिहिलं. गिऱ्हाइकाला! इंग्रज चित्रकार रेनल्ड्सच्या चित्रांतले कपडे रंगवणारा पीटर टॉम्स तर १७६८ साली लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या संस्थापकांत बसला. आणि तू? दीडशे रुपये.

तरी सरांना नुसतं नावं ठेववत नाही रे. डाव्या डोळ्याखाली त्यांनी जो हिरवट करडा ठेवलाय, तो आपल्या दोघांना उभ्या जन्मात जमला नाही. काल तासभर तेवढंच बघत बसलो. मग राग आला, मग पुन्हा बघितलं.

पोरीचं लग्न ठरलं म्हणे, झकास. वहिनींना नमस्कार. नवा फ्लॅट कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे ना?

हां, मोती. चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आणि तुझ्या मोत्यांवर चमक उजवीकडे. तेव्हा बोललो तर पॅलेट फेकली होतीस. काल भिंग लावून मोजले. एकोणपन्नासांतले अकरा चुकीचे आहेत, लेका!

कागदावर तुझं नाव घालू का, ते कळव. नातू चिडेल, पैसेही बुडतील कदाचित. सध्या खपल्यांवर जपानी कागद चिकटवून ठेवलाय. मोत्यांना हात लावलेला नाही.

तुझा,
शऱ्या