एकही बटण स्वतः न फिरवता शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव आणि कॉलसाइन (रेडिओवरची ओळखखूण) आपल्या इच्छेप्रमाणे लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानते, कारण मला बोल लावले गेले तेही चारचौघांतच.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारक बिनतारी रेडिओवर, निरोप पोहोचवले, हे वाचून मी या परवान्याच्या मागे लागले. परवान्यानंतर घेतलेला जुना एचएफ (लघुलहरींवर बोलण्याचा) सेट मात्र विकणाऱ्याने "सगळे लावून दिले आहे, कशालाही हात लावू नका" असे बजावून दिला. माइक गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे बटण) पूर्ण चढवलेला, स्पीच कॉम्प्रेसर चालू, व्हॉक्सही (आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय) चालू. सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग धडधडत असताना या तिन्हींचे मिळून काय होते, ते ७ मेगाहर्ट्झवर ऐकणाऱ्यांना कळत होते, मला नाही. "फ्रिक्वेन्सी अडवू नका", "आधी ऑडिओ सुधारा" एवढे सुनावून मंडळी निघून जात. नेमके काय सुधारायचे, हे सांगायला एकही जण थांबला नाही.

आपण थांबलात. फोन करून, वेळ विचारून घरी आलात, अँटेना काढून सेटला डमी लोड (आवाज हवेत दूरवर न जाता चाचणी करता यावी म्हणून अँटेनाऐवजी लावायचा भार) जोडायला सांगितलेत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. "ताई, सेट तुमचा आहे, बटण तुम्हीच फिरवा." मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे बांधलेले हात. तासभर माझी बोटे चुकीच्या बटणाकडे गेली तरी ते हात पुढे आले नाहीत.

मग आपण आपल्या छोट्या रिसीव्हरचा हेडफोन रुमालाने पुसून माझ्या हाती दिलात. दोन शब्दांच्या मध्ये मी श्वास घेतला की मागांचा खडखडाट उसळून वर येत होता, कारण कॉम्प्रेसर बारीक आवाजालाही मोठा करतो. आणि तोच खडखडाट व्हॉक्सला माझे बोलणे वाटून सेट ट्रान्समिटमधून सुटतच नव्हता. व्हॉक्स आणि कॉम्प्रेसर बंद केले, पीटीटी (बोलताना दाबून धरायचे बटण) दाबून, माइक तोंडाजवळ धरून बोलले, आणि एएलसीचा (जास्तीचा आवाज आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा ठळक उच्चारांनाच हलून खुणेच्या आत राहील इतपत माइक गेन उतरवला. पॉवरचा काटा बोलण्याबरोबर नाचत असेल तर एसएसबीवर (या बोलण्यासाठी वापरलेल्या प्रक्षेपणपद्धतीत) ते योग्यच आहे, तो १०० वॅटवर खिळवण्याच्या नादात आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरही पसरतो, हे आपण सांगण्याआधी मी कानांनी ऐकले होते.

या छंदात जाणकार पुष्कळ आहेत. पण आपले ज्ञान न मिरवता समोरच्याला स्वतः शिकू देणारी, तो चाचपडत असताना न वैतागणारी माणसे कुठल्याही क्षेत्रात मोजकीच भेटतात, आणि ती भेटली म्हणूनच माझ्यासारखी नवखी माणसे सेट विकून न टाकता टिकतात. विकण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे आपल्याला त्या दिवशी सांगितले नव्हते.

आता माझा आवाज स्वच्छ येतो, असा रिपोर्ट मिळतो. कॉम्प्रेसर मात्र आपण म्हणालात त्याप्रमाणे माग बंद असतील त्याच दिवशी थोडा वापरून पाहणार आहे. त्या वेळी ऐकून, भीड न ठेवता, खरे काय ते सांगावे, ही विनंती.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).

आपली कृतज्ञ,
पूर्व भागातील एक नवी हॅम