रोपांसाठीच्या दिव्यांवर खरे आकडे छापले जावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात दिव्याखाली टोमॅटोची रोपे तयार करण्याची पद्धत आता आपल्याकडील शहरांतही अनेकांनी स्वीकारली आहे. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा आमच्या ठाण्यातील सोसायटीतल्या पाच-सहा कुटुंबांनी गच्चीवर स्वतःपुरते टोमॅटो लावायचे ठरवले आणि त्यासाठी रोपवाढीचे दिवे मागवले. त्या दिव्यांच्या खोक्यांवर जे छापलेले असते आणि जे छापलेले नसते, त्याविषयी मला लिहायचे आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे; मोजल्याशिवाय बोलू नये ही सवय तिथलीच.

दिव्याची गरज मुळात का पडते, हे आधी सांगायला हवे. गच्चीवर सप्टेंबरच्या अखेरीस चांगले ऊन येऊ लागते, आणि तेव्हा लावायला 25 ते 30 दिवसांची रोपे हवी असतील तर बी ऑगस्टमध्ये टाकावे लागते. ऑगस्टच्या पावसात उघड्यावर ठेवलेले ट्रे पाण्याने भरतात आणि कोवळी रोपे बुडख्याशी कुजून कोलमडतात. म्हणून ट्रे घरात आणावे, तर प्रकाश नसतो. ढगाळ दिवशी सकाळी दहा वाजता मी खिडकीच्या काचेशी प्रकाश मोजला, तो 900 लक्स भरला. खोलीत हातभर आत सरकल्यावर 200 राहिला. उघड्यावरचे दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या आसपास असते. आपला डोळा अंधुक प्रकाशाला लगेच सरावतो, त्यामुळे खोली आपल्याला उजेडाची वाटते. रोपाची मात्र अशी फसगत होत नाही. ते प्रकाश शोधत लांबते, दोरीसारखे बारीक होते आणि खरी पाने फुटण्याआधीच आडवे पडते.

पहिल्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेल्या जांभळ्या दिव्यावर ठळक अक्षरांत ‘300 वॅट’ असे छापले होते. विजेचा वापर मोजणाऱ्या मीटरवर तो लावून पाहिला, तेव्हा 38 वॅट दिसले. विक्रेत्याला विचारल्यावर उत्तर आले की, दिव्यातील डायोडची (उजेड देणाऱ्या छोट्या ठिपक्यांची) संख्या आणि प्रत्येक डायोडची कमाल क्षमता यांचा तो गुणाकार आहे. डायोड त्या कमाल क्षमतेवर कधी चालवलेच जात नाहीत, त्यामुळे या गुणाकाराला ग्राहकाच्या दृष्टीने काहीही अर्थ उरत नाही. शेजाऱ्यांचे दिवे वेगवेगळ्या विक्रेत्यांचे होते, पण एकाही दिव्याचा छापील आकडा मीटरशी जुळला नाही.

वॅटचा आकडा खरा असता, तरी काम भागले नसते. रोपाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते त्याच्या पानांवर दर सेकंदाला, दर चौरस मीटरमागे किती प्रकाशकण पडतात. हे प्रमाण मायक्रोमोलमध्ये मोजतात. टोमॅटोच्या रोपांना दिवसाचे 14 ते 16 तास सुमारे 200 मायक्रोमोल मिळाले, तर ती ठेंगणी आणि जाड बुडख्याची होतात. दिवा किती उंचीवर टांगल्यास ट्रेवर हे प्रमाण किती भरते, एवढे एक वाक्य खोक्यावर असेल तर ग्राहकाचे पैसे आणि हंगाम दोन्ही वाचतील. मी पाहिलेल्या खोक्यांवर ते कुठेही नव्हते; फळांनी लगडलेल्या झाडाचे छायाचित्र मात्र प्रत्येकावर होते. खोलीतल्या अशा छोट्या दिव्यावर टोमॅटोला भरघोस फळ धरत नाही. त्याला रोज किमान सहा तासांचे ऊन लागते, आणि दिव्याचे काम पहिल्या महिन्यापुरते असते.

लाल आणि निळ्या डायोडच्या मिश्रणातून येणाऱ्या जांभळ्या रंगाविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते हे खरे आहे, पण म्हणून पानाला हिरवा प्रकाश निरुपयोगी ठरत नाही. संशोधक के. जे. मॅक्री यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीस अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी होते हे दिसून आले होते. साधी पांढरी एलईडी ट्यूब म्हणजे निळा डायोड आणि त्यावरचा पिवळसर लेप. तिच्या उजेडात निळ्यापासून लालपर्यंत सर्व काही असते. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले आहे की नाही, त्यावर डाग आहे की नाही, हेच समजत नाही, आणि रोपवाटिकेत त्याहून मोठी अडचण दुसरी नाही.

दुसऱ्या वर्षी मी घरगुती वापराच्या चार फुटी, 20 वॅटच्या तीन पांढऱ्या ट्यूब एकमेकींपासून 10 सेंटिमीटरवर बसवल्या आणि रोपांच्या शेंड्यापासून 10 सेंटिमीटरवर टांगल्या. लक्समीटरने तिथे सुमारे 14 हजार लक्स दाखवले. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत हे साधारण 200 मायक्रोमोल होतात. (लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचे माप असल्यामुळे जांभळ्या दिव्याला ते लावता येत नाही.) रोपे वाढतील तशा ट्यूब वर सरकवायच्या, एवढीच काळजी घ्यावी लागते, कारण अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने कमी होतो. सोळा तासांना रोज जेमतेम एक युनिट वीज लागते. उरलेले आठ तास अंधार ठेवायलाच हवा. चोवीस तास उजेडात ठेवलेल्या टोमॅटोची पाने पिवळी पडू लागतात. बी रुजेपर्यंत तर दिव्याची गरजच नसते, त्याला 25 ते 30 अंश ऊब पुरते, आणि ती ऑगस्टच्या ठाण्यात आयती मिळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘धनश्री’ वाणाची 40 रोपे मी अशी वाढवली, शेवटचा आठवडा ती रोज थोडा अधिक वेळ गच्चीवर ठेवून कणखर केली, आणि त्यांतली 36 जगली.

माझी मुलगी टोरांटोजवळ राहते. तिथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते, म्हणून मार्चच्या अखेरीस घरात दिव्याखाली बी टाकण्यावाचून टोमॅटोला गत्यंतरच नसते. आपल्याकडील विक्रेते तिथल्या सूचना जशाच्या तशा पुढे करतात आणि ज्यांच्या गॅलरीत भरपूर ऊन येते, त्यांनाही दिवा घ्यायला लावतात. अशा घरी दिवा घेऊ नये, असे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत परिसरातील रोपवाटिका लाखो रोपे तयार करतात, त्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेंमध्ये, कीटकरोधक जाळीखाली आणि नैसर्गिक उजेडातच.

घरगुती एलईडी बल्बच्या वेष्टनावर वॅट आणि ल्युमेन (बल्बच्या एकूण उजेडाचे माप) छापलेले असतात, ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारेही असतात. रोपवाढीच्या दिव्यांसाठीही प्रत्यक्ष वॅट, ठरावीक अंतरावर मिळणारे मायक्रोमोल आणि तेवढा प्रकाश किती क्षेत्रावर पडतो, हे तीन आकडे छापणे बंधनकारक करावे, अशी माझी संबंधित खात्यांना विनंती आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. 38 वॅटचा दिवा 300 वॅटचा म्हणून विकणे त्यात बसते, असे मला वाटते. आपल्या वृत्तपत्रानेही घरातील बागेविषयीच्या मजकुरात दिव्याची शिफारस करताना हे तीन आकडे विचारून घ्यावेत आणि ते मिळाले नाहीत तर तसे वाचकांना सांगावे. ऑगस्टची पेरणी जवळ येत असल्यामुळे हे पत्र त्याआधी प्रसिद्ध झाले, तर काही घरांचा नाहक खर्च टळेल.

आपली,
एक वाचक, ठाणे