मावशीच्या मटणाला हात लावू देणार नाही

प्रिय बाळ्या,

लई दिवस झाले तुला लिहून. फोन केला की तू कायम मीटिंगमध्ये, एवढ्या मीटिंगा तर पंतप्रधानाला पण नसतील, म्हणून मीही नाद सोडला होता. पण परवा हॉटेलात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. घरात सांगितलं तर ही म्हणते एवढं काय त्यात. बाकी तब्येत बरी, शुगर गोळीवर आहे, आईचे गुडघे आहेत तसेच.

तर बिअर-वाइनचं लायसन आलं ते तुला माहितीये. सोन्या पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट करून आलाय, वाइन लिस्ट त्यानंच केली. परवा तो सरळ किचनमध्ये गेला आणि चाचांना म्हणला, मटणातला काळा मसाला निम्मा करा, तर्री पण कमी करा, वाइनसोबत जात नाही. मावशीच्या मटणाबद्दल बोलायलाय हा, बाळ्या! चाचा एक शब्द बोलले नाहीत, गॅस बंद केला, मसाल्याचा डबा उचलला आणि माझ्यासमोर काउंटरवर आणून ठेवला. माझ्या पोटात कालवलं रे. मावशी तुमच्या ओसरीवर दगडफूल निवडत बसायच्या, खोबरं करपलं की आख्खी कढई उलटी करायच्या, तो मसाला आहे हा, आणि माझंच पोरगं तो निम्मा करायला निघालंय.

ओरडलो नाही. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर त्याला समोर बसवलं, मटणाची वाटी, ज्वारीची भाकरी, आणि सेल्समननं लई कौतुक केलेली ती महागडी लाल वाइन, कॅबर्नेट सोव्हिन्यॉ. म्हणलं खा आणि पी. दोन घास, एक घोट, आणि पोराचे कान लाल! मुंबईला हॉटेलात वेटरांच्या वरच्या कॅप्टननं आपल्याला शिकवलं होतं तेच, तू तेव्हा स्टाफ जेवणाच्या नादात ऐकलं नसशील. मिरची जिभेवर जिथं चटका देते तिथंच अल्कोहोल अजून आग लावतं, म्हणजे चौदा टक्क्यांची वाइन बारा टक्क्यांवालीपेक्षा जास्त भडकवणार. वर लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचं अन् बियांचं टॅनिन, तिखटासोबत ते कच्ची सुपारी चघळल्यागत तोंड आवळतं. मग फ्रीजमधून नाशिककडची पांढरी वाइन, चेनिन ब्लाँ काढली, जराशी गोडसर अंगाची, चांगली गार, आणि तेच मटण परत खायला लावलं. गोडी आणि गारवा तिखटाला धरून ठेवतात, मसाला मरत नाही, उलट दगडफुलाचा वास वर येतो. सोन्या गप झाला. म्हणलं, जेवणाला वाइन शोधायची असते, वाइनसाठी जेवण कापायचं नसतं.

पण काळजी तिथं संपत नाही ना. लिस्टमध्ये निम्म्याच्या वर जडशीळ लाल वाइन भरून ठेवल्यात, सेल्समन स्कीम देतो म्हणून. आपल्याकडं खपणार काय? भज्यांना आणि तळलेल्या बोंबलाला स्पार्कलिंग, तिचे बुडबुडे आणि आंबटपणा तेल कापतात. चिंचेच्या आमटीला आंबटसर पांढरी सोव्हिन्यॉ ब्लाँ, कारण पदार्थ आंबट असला की वाइन पण तितकी आंबट पाहिजे, नाहीतर ती पाणचट लागते. शेंगदाण्याचं कूट घातलेल्या वांग्याला रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बरी जाते. लाल ठेवायचीच तर नानसोबतच्या खलियाला, म्हणजे त्या मटणाच्या रश्श्याला, एखादी हलकी, कमी टॅनिनची, कारण खलिया मऊ असतो, आपल्या मटणासारखा अंगावर येत नाही. कडवंचीच्या मामांना पण सांग, ते मला सारखं म्हणतात आमची द्राक्षं घे अन् वाइन कर. अरे खायचं द्राक्ष वेगळं, पातळ सालीचं, बिनबियांचं, गर जास्त. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं.

आणि ठेवल्यात कुठं माहितीये का? काउंटरच्या वरच्या फळीवर, खाली तंदूर, वर फोकस लाइट! उष्णता आणि उजेड दोन्ही वाइनचे वैरी. त्याच्या पुस्तकात लिहिलंय रेड रूम टेंपरेचरला द्या, ते थंड मुलखातल्या खोलीचं, सोळा-अठरा डिग्रीचं. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस असतं, वाइन नाही, काढा होईल. लाल वाइनसुद्धा द्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये, पांढरी आठ-दहा डिग्रीवर. (तंदूर लावू नको म्हणून तू तेव्हा भांडला होतास, आठ महिने बोलला नव्हतास. आज रोटी-नानवरच निम्मा गल्ला येतो, हे लिहून ठेव.)

ग्लासवर विकायचं त्याला कळत नव्हतं. बाटली ७५० मिलीची, दीडशेचे पाच ग्लास. माझा हिशोब असा की पहिल्या दोन ग्लासात खरेदी निघाली पाहिजे, कारण शेवटचे दोन कधी कधी ओतून द्यावे लागतात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालते, स्पार्कलिंग तर दुसऱ्या दिवशीच मेली. आता मंगळवारी वेरूळ बंद, रस्त्यावर टुरिस्ट नाही, मग सोमवारी रात्री एका ग्लाससाठी नवी बाटली फोडायची का? आणि श्रावणात मटणच उठत नाही तेव्हा हा माल घेऊन मी काय करू? त्याला म्हणलं पाच-सहा बाटल्यांची लिस्ट ठेव, पण वेटरला प्रत्येकीबद्दल बोलता आलं पाहिजे. आपण नाही का, एका महिन्यात पाठ केलं होतं, आणि तू शिराझ या लाल वाइनला शिरा म्हणून गिऱ्हाईकाला गोड आहे म्हणून सांगितलं होतंस!

सोन्यावर राग नाही रे. पोराला काहीतरी नवं करायचंय, हॉटेल पुढं न्यायचंय, ते मला पाहिजेच. भीती एवढीच वाटते की माझ्या माघारी तो मटण सौम्य करील आणि कुणाला कळणारही नाही. चाचांचं पण वय झालं. मसाल्याचं प्रमाण त्यांच्या हातात आहे, कागदावर कुठंच नाही.

म्हणून एक काम कर. मावशींची ती वही तुझ्याकडंच असेल, लाल कव्हरची, तिच्यातलं काळ्या मसाल्याचं पान फोटो काढून पाठव. मी ते सोन्याच्या हातानं लिहून घेणार आणि किचनमध्ये लावणार. आणि एकदा स्वतः ये, त्याच्यासमोर बसून मटण खा, तुझं ऐकतो तो.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तायडीला नोकरी लागली म्हणे, अभिनंदन सांग. घराचं काम कुठवर आलं ते पण कळव.

येताना दगडफूल आण, इथलं मातकट लागतं.

तुझा,
बंड्या